गतीला जोड

माझ्याकडे तबला शिकायला येणारी बहुतेक मुलं 12 ते 16 वर्षांची आहेत. त्यांची पहिली स्वतःची रचना म्हणजे कायद्याचा पलटा. मूळ कायद्यात जे बोल आहेत तेवढेच घ्यायचे, खाली-भरी सांभाळायची, खालीत डग्ग्याची घुमक काढून ‘धा’चा ‘ता’ करायचा, आणि एवढ्या बंधनात काही नवं बोलायचं. मग तिहाई. तीनतालात समेपासून 5 मात्रांचा तुकडा, 1 मात्रा दम, असं तीनदा केलं की शेवटचा ‘धा’ सतराव्या मात्रेला, म्हणजे बरोबर समेवर येतो. हा हिशेब कुणी न सांगता जमला की मुलाचा चेहरा पाहावा! पण यापुढची पायरी आम्ही शिक्षकांनी जवळजवळ सोडून दिली आहे. ती म्हणजे जोड: जुन्या गतीला तिच्याच चालीची, तिच्याच तोलाची, पण वेगळ्या बोलांची दुसरी गत बांधणं.

ही रीत फर्रुखाबाद घराण्यात फार बहरली. एकोणिसाव्या शतकात फर्रुखाबादचे हाजी विलायत अली खाँ लखनऊच्या बक्षू खाँकडे शिकले आणि त्यांचे जावईही झाले. सासऱ्यानं लेकीच्या हुंड्यात 500 गती दिल्या असं घराण्यात सांगतात. आकड्यावर वाद घालण्यात मला रस नाही. गत ही जमीनजुमल्यासारखी घरात ठेवायची आणि घरातच द्यायची मिळकत होती, हे त्या कथेतून कळतं. हाजीसाहेबांच्या गतींना सलारी खाँनी बांधलेल्या जोडी आजही तबलजींच्या तोंडी आहेत. आणखी एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते: हाजीसाहेबांच्या गतींना त्यांच्या पत्नीनंही जोड बांधली आणि त्या रचना ‘जनानी गत’ म्हणून पुढे आल्या, असं परंपरा सांगते. मैफलीत बसायची मुभा नसलेल्या बाईची रचना मैफलीत पोचली. माझ्या वर्गातल्या मुलींना मी ही कथा हटकून सांगते.

हा साठा मुंबईत आणला मुनीर खाँनी. ते 24 उस्तादांकडे शिकले होते असं म्हणतात. अहमदजान थिरकवा पोरवयात त्यांच्याकडे आले आणि पुढे बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत त्यांच्या तबल्यानं महाराष्ट्राला वेड लावलं. पण रचनेचा ध्यास म्हटला की मला आठवतात मुनीर खाँचे भाचे अमीर हुसेन खाँ (1899–1969). मामाकडून मिळालेलं त्यांनी नुसतं जपलं नाही, त्यात स्वतःच्या गतींची मोठी भर घातली, आणि घराबाहेरच्यांना मोकळ्या हातानं दिली. गोव्याचे पंढरीनाथ नागेशकर, निखिल घोष, अरविंद मुळगावकर ही त्यांच्या शिष्यांतली काही नावं. हुंड्यात जाणारी मिळकत मुंबईत शिकवणीला येणाऱ्या पोरांना मिळू लागली, आणि त्याबद्दल या शहरानं खाँसाहेबांचं पुरेसं ऋण मानलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

रचनाकाराचं नाव टिकायचं ते बोलण्यातून. वादक आधी गत पढणार, कानाची पाळी धरून उस्तादाचं नाव घेणार, मग वाजवणार. छपाई आल्यावर बोल कागदावर आले. गुरुदेव पटवर्धनांचं मृदंग-तबल्यावरचं पुस्तक 1903 सालचं आहे. पुस्तकांनी फार मोठं काम केलं. पुढे परीक्षा आल्या, वह्या आल्या, आणि वहीत उरलं ‘गत 1’, ‘गत 2’. कुणाची, कुणाच्या उत्तरादाखल बांधलेली, याचा पत्ता नाही. मग मुलाला वाटतं, गती अशाच असतात, कुणी केलेल्या नसतात. जी केलेली वाटत नाही तिला उत्तर द्यावं असं कुणाला वाटेल?

जोड बांधायची तर मूळ गतीचा निकास कळावा लागतो. ‘धिरधिर’ कुठे दाबून ठेवलाय, कुठे मोकळा सोडलाय, दम कुठे घेतलाय, हे पन्नासदा पढल्याशिवाय दिसत नाही. पहिली जोड बहुधा कच्चीच होते, बोल मूळ गतीतलेच उचललेले असतात. होऊ द्या.

तबला शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. पंधराव्या वर्षाच्या आत प्रत्येक मुलाला, मुलीला अमीर हुसेन खाँची एक गत द्या आणि तिला जोड मागा. वहीत वर खाँसाहेबांचं नाव लिहून घ्या, खाली त्या मुलाचं, आणि त्याच्या नावापुढे तारीख घाला.