पुंडलिक : गजरात आहे, पाळण्यात नाही

वाचकहो, कीर्तन संपताना, दिंडी निघताना, पंगतीला पहिला घास घेण्याआधी आपण कोणाचे नाव घेतो? विठ्ठलाचे म्हणाल. जरा थांबून गजर आठवा. विठ्ठलाच्या आधी पुंडलिक येतो, ज्ञानदेव आणि तुकाराम त्याच्याही नंतर. देवाआधी भक्ताचे नाव घेणारा संप्रदाय आपला, आणि ते नाव आपण दिवसातून किती वेळा घेतो याची मोजदाद कोणी ठेवत नाही. आता आपल्या घरात, भावकीत, आळीत पाच वर्षांच्या आतल्या मुलांची नावे आठवून पाहा. त्यांत पुंडलिक सापडला तर या लेखकाला आनंदच आहे.

पांढरकवडा आणि केळापूर तालुक्याच्या गावांतून हे नाव काही नवलाचे नव्हते. वऱ्हाडात, यवतमाळात, वर्ध्याकडे, नागपूरकडे कुणबी, माळी, तेली, महार अशा कितीतरी समाजांत पुंडलिक होते. कुठे पुंडलिकराव, कुठे पुंडलिकभाऊ, कुठे पुंडलिकबुवा. आजही मतदारयादी उघडली तर ते दिसेल, पण कोणत्या रकान्यात दिसते ते पाहा. पुष्कळदा ते वडिलांच्या नावाच्या रकान्यात असते. आपल्याकडे नावाची रीत अशी, की स्वतःचे नाव, मग बापाचे, मग आडनाव. त्यामुळे माणूस गेला तरी त्याचे नाव मुलाच्या नावामागे आणखी एक पिढी कागदावर जगते. नातवाच्या नावात मात्र त्याला जागा उरत नाही. जे नाव पुन्हा पाळण्यात आले नाही, ते असे दोन पिढ्यांत कागदावरून पुसले जाते.

आपल्या विदर्भातलेच सर्वांना ठाऊक असलेले एक घराणे घ्या. राज्याचे कृषिमंत्री राहिलेले, आधी अकोल्याचे खासदार असलेले भाऊसाहेब फुंडकर. २०१८ साली ते गेले. त्यांचे पूर्ण नाव पांडुरंग पुंडलिक फुंडकर. किती सुंदर जोडी आहे पाहा! बाप पुंडलिक, लेक पांडुरंग. ज्याने देवाला उभे केले त्याच्या घरी देवच लेकरू होऊन आला, असे या नावातच लिहिलेले आहे. त्यांचे चिरंजीव खामगावचे आमदार आकाश पांडुरंग फुंडकर. यात कोणाला नावे ठेवायची नाहीत, आकाश हे नावही चांगलेच आहे. पण तीन पिढ्यांत मराठी घराघरांत जे झाले, ते या तीन नावांत सरळ ओळीने वाचता येते.

या नावाचा अर्थ पुष्कळांना माहीत नसतो. भक्तराजाचे नाव आहे एवढे पुरते, आणि ते पुरावेही. पण मूळ शब्द आहे पुंडरीक, म्हणजे पांढरे कमळ. संस्कृतात कमळाला शेकडो शब्द असले तरी रंगाप्रमाणे काही ठरून गेले आहेत. तांबडे ते कोकनद, निळे ते इंदीवर, शुभ्र ते पुंडरीक. विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्यांना पुंडरीकाक्ष हे नाव पाठच असते. ज्याचे डोळे पांढऱ्या कमळासारखे, तो. देवाच्या डोळ्यांची उपमा भक्ताचे नाव झाली आहे. अमरकोशात या शब्दाचा आणखी एक अर्थ दिला आहे, वाघ. टिपेश्वरच्या जंगलाला लागून राहणाऱ्या आपल्या भागाला तो कमळापेक्षा जवळचा वाटेल, हे गमतीने सांगतो. पुराणांत दिशा तोलून धरणारे आठ हत्ती आहेत, त्यांतल्या आग्नेयेच्या हत्तीचे नावही पुंडरीकच.

हा शब्द कोणा एका पंथाचा नाही. महायान बौद्धांचा चीन-जपानपर्यंत पूजला जाणारा ग्रंथ सद्धर्मपुंडरीक या नावाचा आहे. जैनांच्या परंपरेत ऋषभदेवांचे पहिले गणधर पुंडरीक स्वामी, शत्रुंजय पर्वतावर त्यांचे मंदिर आहे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या कादंबरीत महाश्वेतेचा प्रियकर पुंडरीक. चिखलात उगवून निर्मळ राहणारे फूल, म्हणून ज्याला-त्याला ते आपले वाटले.

मग पुंडरीकाचा पुंडलिक कसा झाला? आपल्या जिभेने केला. संस्कृतातल्या ‘र’चा ‘ल’ किंवा ‘ळ’ करणे ही आपल्या भाषेची जुनी सवय आहे. हरिद्रेची हळद झाली, अंगाराचा इंगळ झाला, दरिद्राला आजही आपली म्हातारी माणसे दळिद्र म्हणतात. तसाच पुंडरीकाचा पुंडलिक. म्हणजे हे अशुद्ध रूप नाही. पोथीतून निघून चुलीपर्यंत आल्याची ती खूण आहे. हल्ली एखादे घर हौसेने ‘पुंडरीक’ असे मूळ रूप ठेवते, तेही गोडच आहे. पण वारकऱ्याच्या तोंडी बसलेला ‘ल’ मला अधिक प्रिय आहे, हे लपवत नाही.

पांढरकवड्याहून आदिलाबादच्या रस्त्याला लागलो की पैनगंगा येते आणि तिच्या पलीकडे तेलंगणा. तिकडे तेलुगू बोलणाऱ्यांत हे नाव ‘र’ घेऊनच वावरते. सोळाव्या शतकातल्या तेनाली रामकृष्ण कवीने पांडुरंगमाहात्म्यमु हे तेलुगू काव्य रचले, त्यात आपल्याच पुंडरीकाची कथा आहे. १९५७ साली पांडुरंग महात्म्यम हा तेलुगू चित्रपट आला, त्यात एन. टी. रामाराव यांनी पुंडरीक केला. पलीकडे पुंडरीक, अलीकडे पुंडलिक, मधे एक नदी. पंढरीच्या देवावर कर्नाटकाने हक्क सांगितला, महाराष्ट्राने सांगितला. तेलुगू मुलखाचे प्रेम मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. सीमेवरच्या माणसांनी तरी ते बोलावे.

आता इतिहासाचे पाहू. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात एका तुळईवर १२३७ सालचा लेख आहे, होयसळ राजा सोमेश्वराच्या काळचा. त्यात गावाचे नाव पंडरगे. पांडुरंग हे त्याच नावाचे संस्कृत रूप असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्यानंतर बारा वर्षांनी, १२४९ साली, देवगिरीच्या यादव कृष्ण राजाच्या कारकिर्दीतला एक ताम्रपट आहे, तो बेळगाव भागात मिळाला. त्यात भीमरथीच्या काठच्या या तीर्थाला पौंडरीक क्षेत्र म्हटले आहे. पौंडरीक म्हणजे पुंडरीकाचे. वाचकहो, हे साल लक्षात ठेवा. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली. नामदेवरायांचा जन्म १२७० चा. म्हणजे आपल्या संतांच्या आधी, राजाच्या दप्तरात, ते क्षेत्र भक्ताच्या नावाने ओळखले जात होते.

विद्वानांत पुंडलिकावरून वाद आहेत. रा. चिं. ढेरे यांनी श्रीविठ्ठल : एक महासमन्वय या १९८४ सालच्या ग्रंथात वाळवंटातले पुंडलिकाचे स्थान मुळात पुंडरीकेश्वर नावाचे शिवस्थान असावे, अशी बाजू मांडली. काही वारकऱ्यांना ती बोचली. मला त्यात बोचण्यासारखे काही दिसत नाही. चंद्रभागेत स्नान करून पुंडलिकाचे दर्शन घेताना आपण मुखवट्याखालच्या शिवलिंगापुढेच वाकतो, हे प्रत्येक यात्रेकरूने पाहिलेले आहे. तिथले पुजारी कोळी समाजाचे. ज्याच्या मस्तकी शिव आहे अशी आपली श्रद्धा, त्या विठ्ठलाच्या भक्ताचे ठाणे शिवलिंग असेल तर हरिहरांचा मेळ आणखीच पक्का झाला.

मग हे नाव पाळण्यातून का गेले? एक कारण सगळीकडचेच आहे. तीन-चार अक्षरांची जुनी नावे मागे पडली, दोन अक्षरांची आली, शहरात नोकरीला गेलेल्या मुलाला गावाकडचे नाव अडचणीचे वाटू लागले. नामदेव, तुकाराम, सोपान यांच्याही वाट्याला तेच आले. पण पुंडलिकाला आणखी एक जाच आहे, शब्दातल्या पहिल्या दोन अक्षरांचा. मराठीत पुंड म्हणजे दांडगा, मुजोर. पुंडाई हा शब्द आपण अजून वापरतो. शाळेत पोरांना तेवढे पुरते.

गंमत अशी की हा जाच कथेनेच अंगावर घेतला आहे. जानुदेव आणि सत्यवतीचा हा लेक आधी खरोखर पुंड होता. आईबापांना छळले, काशीच्या वाटेवर त्यांना पायी चालवले आणि आपण सुखाने गेला. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मळलेल्या वस्त्रांनी येऊन सेवा करणाऱ्या आणि उजळून जाणाऱ्या गंगा, यमुना, सरस्वती त्याने पाहिल्या तेव्हा डोळे उघडले. पुढचे आपण सारे जाणता, वीट कशी फेकली आणि देव कसा थांबला. तुकोबांनी तर एका अभंगात हाच पुंड शब्द घेऊन त्याला लाडाने दटावले आहे. देवाला ताटकळत ठेवतोस, एवढी कसली रे मस्ती, असा त्याचा भाव. ज्या शब्दाने पोरे चिडवतात तोच तुकोबांनी प्रेमाने वापरला, हे त्या चिडणाऱ्या मुलाला घरच्या कोणीतरी सांगायला हवे. बहुतेक घरांत ते सांगणारे आजोबाच नावासोबत गेले.

या कथेचे वजन केवढे होते ते आणखी एका गोष्टीवरून कळेल. दादासाहेब तोरणे यांनी श्री पुंडलिक हे नाटक चित्रफितीवर घेतले आणि ते १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात दाखवले. फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र त्यानंतर एका वर्षाने, १९१३ च्या मे महिन्यात आला. तोरण्यांनी रंगमंचावरचेच नाटक टिपले होते, चित्रफीत धुतली गेली लंडनला, म्हणून पहिलेपणाचा मान फाळक्यांकडे गेला, ते बरोबरच आहे. तरी पडद्यावर काय दाखवायचे हा प्रश्न पडला तेव्हा त्या मंडळींना पुंडलिक सुचला.

आणि विदर्भाच्या माणसाने हे नाव टाकू नये याला आपले म्हणून एक कारण आहे. पांडुरंग पंढरीस आला तो रुसलेल्या रुक्मिणीला शोधत, असे माहात्म्य सांगते. ती रुक्मिणी कौंडिण्यपूरची, वर्धेच्या काठची, आपल्या घरची लेक. तिची पालखी आजही आषाढीला पंढरीस जाते. लेक रुसून दिंडीरवनात गेली, जावई मागोमाग आला, आणि त्याला ज्याने दारात विटेवर उभे केले तो पुंडलिक. नात्याने तो आपल्याला परका कसा?

बारशाला राशीचे अक्षर पाहणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. हस्त नक्षत्राच्या पहिल्या चरणाला ‘पू’ येते, रास कन्या. हे अक्षर निघाले की आईबाप पेचात पडतात. पुष्कर, पुनीत, पुरुषोत्तम एवढ्यावर यादी संपत येते, आणि मग कोणाच्याही मुलाचे नसेल असे नाव हवे म्हणून मोबाइलवर शोधाशोध होते. घरातल्या म्हातारीला विचारा. ती पहिल्या झटक्यात सांगेल. मुलाला हाक मारायला मोठे वाटले तर पुंडू म्हणता येते, घराघरांतून म्हणतही असत. मोठा झाला की तोच पुंडलिकराव होतो.