पंधरा गुण, पाच वर्षं

2025 च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या 211 मुलांना शंभर टक्के मिळाले. त्यातली 113 लातूर विभागातली, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतली. इथं नांदेडला आमच्या लॅबमध्येही त्यावर चर्चा रंगली. मला मात्र सवयीनं आकड्यांची फोड करावीशी वाटली. यातले पेपरातले गुण किती आणि 'वरचे' किती?

वरचे म्हणजे खेळाचे आणि कलेचे. खेळाडूंना असे गुण आधीपासून मिळायचेच. 2010 ला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, टक्केवारी पाच विषयांवर, 500 पैकी निघू लागली. मग 2017 पासून शास्त्रीय नृत्य, गायन, वादन, लोककला आणि चित्रकलाही यादीत आल्या. हेतू चांगलाच होता. दहावी आली की तबला माळ्यावर जातो, तो जाऊ नये.

आता नियम बघा. शास्त्रीय कलेच्या तीन परीक्षा पास असाल तर 10 गुण, पाच असतील तर 15. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या क्रमानं पाचवी परीक्षा म्हणजे मध्यमा पूर्ण. साधारण वर्षाला एक परीक्षा धरली, तर मुलाला पाचवीच्या आसपास क्लासला घालावं लागतं. 500 पैकी 15 म्हणजे तीन टक्के. अकरावीच्या कटऑफला तीन टक्के काय असतात, हे लातूरकरांना मी सांगायला नको!

ऐंशीच्या दशकात राजर्षी शाहू महाविद्यालयात, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात, 'लातूर पॅटर्न' उभा राहिला. जादा तास, सराव परीक्षा, सगळं कॉलेजातच. खेड्यातलं पोरगं मेहनतीवर पुण्या-मुंबईला गाठू शकतं, ही त्यातली खरी ताकद. तबल्याच्या पाच वर्षांना तशी जादा तासांची सोय नाही. तिथं गुरू लागतो, घरात वाद्य लागतं, न्यायला-आणायला माणूस लागतं. आणि मुक्काम एकाच गावात लागतो. मुखेड-कंधारकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. क्लासची फी माफ केली तरी त्या पोराची पाच वर्षं सलग कशी व्हायची?

लोककलेचे गुण आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत. पण घरच्या गोंधळात संबळ वाजवणाऱ्या पोराला त्याचे गुण आपोआप मिळत नाहीत, प्रयोगांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

त्यातल्या त्यात स्वस्त चित्रकला. एलिमेंटरी, इंटरमिजिएटची फी फार नसते. तिथंही 'अ' श्रेणीचे गुण पुढे 7 वर आणले. माझ्या शाळेत तर चित्रकलेचे सरच नव्हते. एलिमेंटरी मी मामेभावाच्या रंगपेटीवर दिली, 'क' श्रेणी आली. पुढच्या वर्षी इंटरमिजिएट त्याचीही होती, त्याच दिवशी. रंगपेटी एकच.