ताडकळसच्या शाळेतली तीन रूपे

इंग्रजी क्रियापदाची तीन रूपे मराठवाड्याच्या शाळांत पाढ्यांसारखी पाठ केली जातात. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. राइट, रोट, रिटन. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या गावात घरी, शेतात किंवा बाजारात इंग्रजी बोलली जात नाही. त्यामुळे मुलांना ही भाषा वाक्यांच्या आधी तक्त्यातून भेटते. पहिल्या रकान्यात मूळ रूप, दुसऱ्यात भूतकाळ, तिसऱ्यात भूतकाळवाचक धातुसाधित. शिक्षक आणि विद्यार्थी त्यांना व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री म्हणतात. ‘डिड’ आले की पहिले रूप, ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ आले की तिसरे, हा नियम दहावीपर्यंत पोचलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी घोकलेला असतो.

हा तक्ता आज अचल वाटतो, पण तो तसा ठरायला इंग्रजीला शेकडो वर्षे लागली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत स्वर बदलून भूतकाळ करणारी सुमारे तीनशे क्रियापदे होती. त्यातली बरीच पुढे लोप पावली, किंवा शेवटी ‘एड’ लावून घेणाऱ्या सरळ क्रियापदांच्या पंगतीत जाऊन बसली. ‘हेल्प’चे तिसरे रूप एके काळी ‘होल्पन’ होते आणि १६११च्या इंग्रजी बायबलातही ते आढळते; आज तिथे ‘हेल्प्ड’ आहे. ‘वेंट’ तर मुळात ‘गो’चे नव्हेच. ते ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप होते; ‘गो’चे जुने भूतकाळी रूप मागे पडल्यावर ते त्याच्या जागी आले.

दुसरे आणि तिसरे रूप वेगळेच ठेवले पाहिजे, हा आग्रहही पुष्कळ उशिरा आला. ‘हॅव रोट’, ‘हॅव स्पोक’ अशा रचना शिकलेल्या इंग्रजांच्या लेखनात सर्रास होत्या. रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकाने १७६२ साली छोटेखानी इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले आणि त्यात अशा रचनांना चूक ठरवले. शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्या ओळीही त्याने चुकांचे नमुने म्हणून दाखवल्या. लिंडले मरे याने १७९५च्या आपल्या व्याकरणात लाउथचे पुष्कळसे नियम घेतले. मरेचे पुस्तक ब्रिटन, अमेरिका आणि वसाहतींतल्या शाळांत अफाट खपले. गावच्या वर्गात ‘हॅव वेंट’वर मारलेली लाल फुली मागे मागे शोधत गेले, तर ती लाउथपर्यंत जाऊन पोचते.

मुंबई इलाख्यात हे व्याकरण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला होता. इंग्रजीतून मराठीत येणारा मोल्सवर्थ आणि कँडी यांचा कोश १८४७ साली आला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६चे. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात, पण त्या व्याकरणाच्या मांडणीवर मरेच्या इंग्रजी व्याकरणाची छाप स्पष्ट आहे. त्याचा परिणाम असा झाला, की मराठी क्रियापदाचे काळ ज्या चौकटीत बसवले गेले ती चौकट बरीचशी इंग्रजीची होती. साधा, अपूर्ण आणि पूर्ण वर्तमानकाळ शिकणाऱ्या मुलाला वाटते की इंग्रजीचे काळ मराठीसारखे आहेत. मराठीचे काळच इंग्रजीच्या मापाने कापले गेले, हे त्याला कोणी सांगत नाही. ही गोष्ट शाळेत सांगायला हवी, कारण पुढच्या पुष्कळ चुकांचे मूळ तिच्यात आहे.

नंतरच्या पिढ्यांच्या हाती तीन पुस्तके राहिली. तर्खडकरांच्या नावाने ओळखली जाणारी भाषांतर पाठमाला मराठीतून नियम सांगून वाक्ये इकडून तिकडे करायला लावी. दुसरे नेसफील्ड यांचे; ते उत्तर भारतातल्या शिक्षणखात्यातले अधिकारी. त्यांची व्याकरणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली आणि भारतभर चालली. तिसरे पुस्तक १९३०च्या दशकातले रेन आणि मार्टिन यांचे. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणसेवेत होते आणि ‘बो जेस्ट’ या १९२४च्या कादंबरीचे लेखक म्हणून जगभर गाजले. ‘शॅल’ आणि ‘विल’चा जुना नियमही अशाच पुस्तकांतून आला: भविष्यकाळात प्रथमपुरुषाला ‘शॅल’, इतरांना ‘विल’. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली आपल्या लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात तो मांडला होता. बोलणाऱ्यांनी तो कधी फारसा पाळला नाही, पण परीक्षेने तो जपला.

परभणी जिल्हा मात्र मुंबई इलाख्यात नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्यामुळे इथल्या इंग्रजी क्रियापदाचा इतिहास पुण्या-मुंबईहून वेगळा झाला. संस्थानाची राजभाषा आधी फारसी होती. १८८०च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते आणि इंग्रजी अनिवार्य विषय होता. विद्यापीठाच्या जोडीला स्थापन झालेल्या भाषांतर विभागाने विज्ञानापासून कायद्यापर्यंतची पुस्तके उर्दूत आणली. माध्यमिक शाळाही त्याच साच्याच्या. घरी मराठी बोलणारा मुलगा शाळेत उर्दूतून शिके आणि उर्दूच्याच आधाराने इंग्रजी क्रियापद समजून घेई.

त्याचे पारिभाषिक शब्दही उर्दूचे. क्रियापद म्हणजे फेल, भूतकाळ म्हणजे माजी, वर्तमान म्हणजे हाल, भविष्य म्हणजे मुस्तकबिल. उर्दू व्याकरणात भूतकाळाचे बारीक भाग पाडलेले आहेत. ‘वो गया’ हा माजी मुतलक, नुसता भूतकाळ. ‘वो गया है’ हा माजी करीब, जवळचा भूतकाळ. ‘वो गया था’ हा माजी बईद, लांबचा. ही विभागणी सुंदर आहे आणि बोलणाऱ्याच्या अनुभवाला धरून आहे. इंग्रजीच्या दृष्टीने अडचण एकच. इंग्रजीतले ‘ही हॅज गॉन’ हे नावाने आणि स्वभावाने वर्तमानाशी बांधलेले आहे, म्हणून त्याच्या शेजारी ‘यस्टरडे’ बसत नाही. ‘जवळचा भूतकाळ’ म्हणून ते शिकलेल्याला कालची गोष्ट त्यात घालण्यात काहीच वावगे वाटणार नाही. मराठीतही ‘मी काल त्याला पाहिलंय’ हे वाक्य कोणाच्या कानाला खटकत नाही. त्यामुळे घरची आणि शाळेची अशा दोन्ही भाषा मुलाला एकाच चुकीकडे नेत होत्या.

१९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियाच्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाली आणि त्यातल्या अनेकांनी नागपूर विद्यापीठाची वाट धरली. उर्दूतून शिकणाऱ्या या मुलांना तिथे इंग्रजीतून शिकावे लागले. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर असाच माध्यमबदल साऱ्या संस्थानावर आला. उस्मानियाने उर्दू सोडून इंग्रजी माध्यम स्वीकारले, मराठवाड्यातल्या शाळा मराठीकडे वळल्या. शाळेच्या मधल्या इयत्तांत असलेल्या मुलांसाठी माजी आणि मुस्तकबिल एका वर्षात भूत आणि भविष्य झाले; फक्त इंग्रजी तक्ता जागच्या जागी राहिला. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि ताडकळससारख्या गावांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाल्यावर परभणीच्या आणि पुण्याच्या मुलाच्या दप्तरात इंग्रजीचे एकच पुस्तक आले.

त्या काळी सरकारी धोरण व्याकरणाच्या पाठांतराकडून वाक्यरचनेच्या सरावाकडे वळत होते. पामर, हॉर्नबी या इंग्रज भाषाशिक्षकांनी रुजवलेली पद्धत अशी, की ठरावीक साचे सोप्यापासून अवघडाकडे लावावेत आणि तोंडी सरावाने ते पक्के करावेत. १९५८ साली हैदराबादला सुरू झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने या पद्धतीत शिक्षक तयार केले. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात तोंडी सराव कसा घ्यायचा, याचे उत्तर मात्र कोणाकडे नव्हते. शिक्षक फळ्यावर पुन्हा तीन रकाने आखत राहिले, आणि त्यासाठी त्यांना दोष देता येत नाही.

या सगळ्या काळात एक साधन हाताशी असूनही वापरले गेले नाही: मुलाची स्वतःची बोली. मराठी क्रियापद इंग्रजीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे आहे. ‘जातो’चा भूतकाळ ‘जातला’ होत नाही, ‘गेला’ होतो, आणि तो संस्कृतातल्या ‘गत’पासून, म्हणजे वेगळ्याच धातूपासून येतो. ‘गो’ आणि ‘वेंट’ची जी गोष्ट, तीच ‘जातो’ आणि ‘गेला’ची. मरणे-मेला, करणे-केला, पिणे-प्याला, घेणे-घेतला, खाणे-खाल्ला हा मराठीचा अनियमित क्रियापदांचा तक्ता. ताडकळसचे पाच वर्षांचे मूल तो न चुकता वापरते. ‘मुलाने भाकरी खाल्ली’ म्हणताना क्रियापद कर्त्याला सोडून भाकरीच्या मागे जाते, हेही त्याला कोणी शिकवलेले नसते.

चालू काळाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. प्रमाण मराठीतले ‘काय करत आहेस?’ परभणी-नांदेडकडे ‘काय करायलास?’ असे ऐकू येते. ‘मी जेवायलोय’ म्हणजे जेवण आत्ता चालू आहे. ‘मी जेवतो’ म्हणजे रोजची रीत. इंग्रजीतल्या ‘आय ॲम ईटिंग’ आणि ‘आय ईट’मधला फरक नेमका हाच. बोलीत तो रोजच्या रोज वापरला जातो, पण शाळेत त्याला ‘अपूर्ण वर्तमानकाळ’ हे नाव मिळते आणि मुलाला तो परका वाटू लागतो. ‘करायलास’ला अशुद्ध ठरवणाऱ्या वर्गाने इंग्रजी शिकवण्याचे एक चांगले साधन स्वतःच्या हाताने टाकून दिले.

नेहमीच्या चुका याच अंगाने पाहिल्या तर त्यांची कारणे दिसतात. ‘तू गेलास का?’ या प्रश्नात भूतकाळ मुख्य क्रियापदावर असतो आणि ‘का’ नुसता शेवटी चिकटतो. इंग्रजीत भूतकाळाचा सगळा भार ‘डिड’ उचलतो आणि क्रियापद मूळ रूपात परत येते. मराठी मनाला ते अर्धवट वाटते, म्हणून ‘डिड यू वेंट’. ‘दोन वर्षांपासून इथे राहतो’ हे मराठीत वर्तमानकाळात चालते, म्हणून ‘हॅव बीन लिव्हिंग’च्या जागी ‘ॲम लिव्हिंग’ येते. तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘एस’ सुटतो त्याचे कारण थोडे वेगळे. मराठी क्रियापद लिंग, वचन आणि पुरुष यांप्रमाणे बदलते. त्या सगळ्या खुणांपैकी इंग्रजीने वर्तमानकाळात एवढी एकच ठेवली आहे. बाकी कोणी मागत नाही तिथे एकालाच शेपूट का, हे मुलाला उमगत नाही.

इंग्रजी क्रियापदे मराठीत आली तीही याच स्वभावाने. १९०० साली मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे परभणी आणि पूर्णा मार्गे सुरू झाली. पूर्णा पुढे जंक्शन झाले. माल बुक केला जाऊ लागला, शाळेत मुले पास आणि फेल होऊ लागली, आणि आज मोबाइलवरचे फोटो डिलीट होतात. मराठी इंग्रजीकडून एकच रूप घेते, पहिले. काळ, लिंग आणि वचन यांचे काम ‘करणे’ आणि ‘होणे’ सांभाळतात. ‘डिलीटेड केले’ असे कोणी म्हणत नाही.

जून २००० पासून महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली. त्याआधी मराठी शाळांत ती पाचवीपासून असे, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही वर्षे तर आठवीपासून. २००० नंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी सेमी-इंग्रजी वर्ग उघडले. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. तक्त्यातल्या तिसऱ्या रकान्याला त्यामुळे नवे काम मिळाले. विज्ञानाच्या पुस्तकात पाणी ‘इज हीटेड’, वायू ‘इज कलेक्टेड’, वनस्पतीत अन्न ‘इज स्टोअर्ड’. पाणी तापवले जाते, वायू गोळा केला जातो, अन्न साठवले जाते: इंग्रजीत जिथे ‘इज’ लागतो, तिथे मराठीत ‘जाणे’ हे क्रियापद उभे असते.