रद्दीत गेलेली पत्रे आणि दप्तरात उरलेली पत्रे

वर्धा जिल्ह्यात महायुद्धाचा विषय निघाला, की लोक नकाराची आठवण सांगतात. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण केले आणि वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात झाली. इंग्रजांच्या लढाईला ना माणूस द्यायचा, ना पैसा, हे सेवाग्रामहून निघालेले सांगणे. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टीला पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला. आम्ही हिंगणीकर हे ऐकतच मोठे झालो. म्हणून सरकारी पलटणीत भरती होऊन समुद्रापार गेलेल्या शेतकऱ्याच्या पोराचा इतिहास आपला नव्हे, तो साताऱ्याचा, रत्नागिरीचा किंवा पंजाबचा, अशी समजूत इकडे पक्की आहे. ती अर्धीच खरी आहे. पण तिच्यामुळे एक प्रश्न इकडे कोणी फारसा विचारत नाही: तो पोरगा घरी काय लिहीत होता, आणि घरचे त्याला काय लिहीत होते?

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. शिपायाचा मूळ पगार महिना ११ रुपये. बहुतेकांच्या घरी शेती, आणि तीही कोरडवाहू. १९११ च्या शिरगणतीत लिहिता-वाचता येणारे शंभरात जेमतेम सहा होते, म्हणजे पत्र लिहिणारा आणि पत्र पाठवणारा ही बहुधा वेगवेगळी माणसे. छावणीत एखादा शिकलेला शिपाई किंवा कारकून चारचौघांत बसून मजकूर उतरवून घेई. गावात ते पत्र मास्तर, पाटील-कुलकर्णी किंवा पोस्टमन वाचून दाखवी, आणि ऐकायला अर्धी आळी जमे. नवरा-बायकोतली गोष्ट अशा पत्रात कशी मावणार? ती मावत नव्हतीच. आईची खुशाली विचारली, की त्यात बायकोची खुशाली आली असे समजायचे.

वाचणारा आणखी एक होता, आणि त्याला गावाचे नावही माहीत नसे. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौज फ्रान्सला मार्सेय बंदरात उतरली. परदेशातल्या क्रांतिकारकांचे वाङ्मय टपालातून शिपायांच्या हाती पडेल अशी सरकारला धास्ती होती, म्हणून हिंदी टपाल तपासण्यासाठी वेगळी कचेरी उघडण्यात आली. तिचा प्रमुख एव्हलिन हॉवेल हा आय.सी.एस. अधिकारी. कचेरी पुढे बूलोन्य या बंदरगावी होती. १९१५ च्या मार्चपर्यंत फ्रान्समधले हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते. ती तपासायला माणसे मूठभर. त्यांनी दर आठवड्याला त्यांतल्या शंभराच्या आसपास पत्रांचे इंग्रजी उतारे करून अहवालाला जोडले. ते अहवाल लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने १९९९ मध्ये त्यांतली निवडक पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा पहिल्यांदा सामान्य वाचकाच्या हाती हा मजकूर आला.

म्हणजे हिशोब असा झाला. घरच्यांनी जिवापाड जपलेली पत्रे वाळवीने, पावसाने, वाटण्यांनी आणि दिवाळीच्या झाडलोटीने संपवली. ज्या सरकारला या माणसांचा भरवसा नव्हता, त्याच्या दप्तरात काही उरली. संशय नसता तर तेवढीही उरली नसती. शेतकऱ्याचा शब्द टिकवण्याचे पुण्य सरकारच्या पदरी घालावे, असे मात्र मला वाटत नाही. त्या कचेरीला हवा होता फौजेच्या मनाचा अंदाज. गाय कुणाची गाभडली आणि सावकाराचे व्याज किती झाले, हे त्यात आपसूक आले.

आणि आले तेच आज मोलाचे आहे. पत्रांत लढाईपेक्षा शेत जास्त आहे. पाऊस पडला का, गहू किती झाला, भाव काय, गहाण जमीन सुटली का, भाऊबंदांनी बांध कोरला का, धाकट्याचे लग्न ठरले का, पाठवलेले पैसे पोचले का, आणि पोचले तर गेले कुठे? घरून येणाऱ्या पत्रांत रोगराई, महागाई आणि परतीची विचारणा. खंदकात गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस हजारो मैलांवरच्या वाट्याच्या विहिरीचे पाणी वाटून देतो आहे, हे वाचताना एखाद्याला हसू येईल. शेती करणाऱ्याला येणार नाही. घरचा कारभार आपल्या हातून सुटला नाही, हे स्वतःला पटवण्याचा त्याच्यापाशी तो एकच मार्ग होता.

फ्रान्समधली शेती हा तर या पत्रांचा आवडता विषय. घोडदळाच्या तुकड्या १९१८ पर्यंत तिथे राहिल्या, आणि शिपायांचा मुक्काम पुष्कळदा शेतकऱ्यांच्याच वाड्यांत असे. पुरुष लढाईवर गेलेले, बाया नांगर धरताहेत, दूध काढताहेत, हिशोब लिहिताहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मुलगे गेलेल्या म्हाताऱ्या घरमालकिणींनी काहींना मुलासारखे वागवले. त्यानंतर घरी जाणाऱ्या पत्रांतून मुलींना शाळेत घाला, लग्नात उधळपट्टी करू नका, अशा सूचना येऊ लागतात. आमच्याकडे सुधारकांनी व्याख्याने देऊन जे सांगितले, ते एका नांगरटीच्या दृश्याने या माणसांना पटलेले दिसते. गावाने त्यातले किती ऐकले, तो भाग वेगळा.

पत्र वाचले जाते हे शिपायांना लवकरच कळले. मग त्यांनी तोडगा काढला. हिंदी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्यांना तांबडी मिरची म्हणून, काळी संपत आली, आता तांबडी वापरतात, अशा अर्थाचा निरोप घरी धाडला. मिरच्यांची उठाठेव सेन्सॉरला काय कळणार, असा त्यांचा कयास. सेन्सॉरला कळली, आणि म्हणूनच आपल्याला ती आज वाचायला मिळते. अशा कोड्यांचा मतलब बहुधा एकच असे: धाकट्याला भरती होऊ देऊ नका. ज्या घरातून एक गेला त्या घरापाशी भरतीवाला पुन्हा येणार, हे त्यांना ठाऊक होते. गांधीजी १९१८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट करत होते आणि शेतकरी दाद देत नव्हते, हे पत्रांशेजारी ठेवून पाहावे. खेड्यातला नकार सेवाग्रामच्या नकाराहून बावीस वर्षांनी जुना आहे.

आता आपल्या मराठी माणसांकडे येतो. इथे दप्तरही हात आखडते. फ्रान्सचे अहवाल सलग टिकले, पण मराठा पलटणींचा मोठा भाग फ्रान्सला नव्हताच, तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता. तिथल्या शिपायांची पत्रे फारच थोडी हाती लागतात. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या अलीकडे टेसिफोनच्या लढाईनंतर फौज मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमारा या गावी कोंडली गेली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. त्या काळात घरचे टपाल नाही. धान्य संपल्यावर घोडी कापून खाण्याची वेळ आली, तेव्हा पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांची परवानगी तारेने मागवून ती त्यांना ऐकवण्यात आली, तरी कितीतरी जण बधले नाहीत. गावी परतल्यावर पंगतीला कोण घेईल, ही धास्ती भुकेहून मोठी होती. पत्र नव्हते, पण गाव तिथे हजर होता. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती गेली, आणि वाळवंटातल्या पायपिटीत व रस-अल-ऐनच्या रेल्वेकामावर त्यांतली हजारो मेली.

त्याच कैदेत कल्याण मुखर्जी नावाचा बंगाली डॉक्टर होता. तो १९१७ मध्ये रस-अल-ऐनला वारला. त्याने घरी लिहिलेली पत्रे जपली गेली, आणि त्याची आजी मोक्षदादेवी हिने ऐंशीच्या घरात असताना, १९२८ मध्ये, ‘कल्याण-प्रदीप’ हे त्याचे चरित्र त्या पत्रांसह प्रसिद्ध केले. त्याच वेढ्यातल्या मराठा शिपायाच्या आजीनेही नातवाची वाट पाहिलीच असणार. तिच्या घरी दौत नव्हती, एवढाच फरक. आणि त्या एवढ्याशा फरकावर इतिहासात कोण बोलणार ते ठरले.

इंग्रजी उताऱ्यात मराठी पत्राचे काय काय गळते, हेही पाहण्याजोगे आहे. तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशालीचे पत्र येत जावे, हा सगळा मायना अनुवादकाला पाल्हाळ वाटणार, त्यामुळे तो छाटला जातो. पण मुलगा रागावला आहे की घाबरला आहे, हे बाप पुष्कळदा मायन्यावरूनच ओळखी. अक्षर मोडी होते की बाळबोध, लेखनिक तोच होता की बदलला, हेही गेले. लग्नाच्या पत्राला लागलेले कुंकू आणि मरणाच्या कार्डाचा फाडलेला कोपरा तर कोणत्याही अहवालात येत नाही. कार्ड तेव्हा एका पैशाला मिळे. ते हाती घेताच न वाचता येणारी बाईसुद्धा कोपरा पाहून ओरडत असे.

पुढे स्मारके झाली. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. नावे नाहीत. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरही हिंदी अंमलदारांची नावे कोरली, शिपायांची पलटणवार संख्या तेवढी दिली. साताऱ्याजवळचे अपशिंगे इतक्या माणसांचे मोल देऊन ‘मिलिटरी अपशिंगे’ झाले. नाव गावाला मिळाले.

विदर्भाची गोष्ट म्हणाल तर ती दुसऱ्या महायुद्धात अधिक गुंतागुंतीची होते. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली होती. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पहिल्या युद्धात १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. डॉ. आंबेडकर १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिची दुसरी पलटण कामठीला झाली. सेवाग्रामहून कामठी काही लांब नाही. एकीकडे भरतीला नाही म्हणणारे तुरुंगात जात होते, दुसरीकडे भरती हा आपला हिरावलेला हक्क आहे असे मानून लोक छावणीच्या दारात रांगेत उभे होते. दोघेही आमच्याच मुलखातले. यांतल्या एकाचीच जयंती आम्ही जिल्ह्याची म्हणून साजरी करतो, हे मला पटत नाही. त्या रांगेतल्या माणसांनीही घरी कार्डे लिहिली. मजुरीवर जगणाऱ्या, जमीन नसलेल्या घरांत ती आली असतील, तर बांधाऐवजी त्यांत मनिऑर्डरीची चौकशी असेल.

ही पत्रे अजून पुरती संपली आहेत, असे मी मानत नाही. पेन्शनचे पुस्तक, डिस्चार्जचा कागद, पितळी बिल्ला ही चिजा कामाच्या म्हणून पेटीच्या तळाशी राहतात, आणि त्यांना चिकटून कधी एखादे कार्डही राहते. हा अंक हाती येईल तेव्हा बहुतेक घरांतली झाडलोट होऊन गेलेली असेल, तरी रद्दीवाला यायचा असेल तर पेटी एकदा उपडी करून पाहावी. मोडी वाचता येत नाही म्हणून कार्ड फेकू नये, ते वाचून देणारी माणसे अजून आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये, दमटपणा धरतो. साध्या कोऱ्या कागदात ठेवावे. फोटो काढताना दोन्ही बाजूंचे काढावेत. मजकुरात जागेचे नाव नसले, तरी पत्त्याच्या बाजूला लष्करी टपालाचा गोल शिक्का असतो, आणि त्यातल्या फील्ड पोस्ट ऑफिसच्या क्रमांकावरून ते कार्ड कुठल्या आघाडीवरून निघाले हे आजही काढता येते.