‘वस्ताद एक डाव राखून ठेवतो’ म्हणजे नेमकं काय? नांदेड-लातूरच्या आखाड्यातल्या म्हणी आणि त्यामागची कुस्ती

निवडणुकीचा निकाल लागला की मोबाईलवर ठरलेल्या पोस्ट फिरायला लागतात. अमक्याने तमक्याला अस्मान दाखवलं, विरोधक चारी मुंड्या चीत झाले, शेवटी वस्तादाने राखून ठेवलेला डाव टाकलाच. या पोस्ट लिहिणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या अनेकांनी तालमीचा उंबरा कधी ओलांडलेला नसतो, पण बोली मात्र तालमीचीच असते.

किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यापासून निलंगा-उदगीरपर्यंत, नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत कुस्ती म्हटलं की जत्रा आठवते. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा तर घोडे, गाढवं आणि लावणीइतकीच कुस्त्यांच्या दंगलीसाठीही ओळखली जाते. या मातीत आजही ऐकू येणारे शब्द आणि म्हणी कुठून आल्या, त्यांचा खरा अर्थ काय?

आखाड्याची बोली एवढी फारसी कशी?

मल्ल हा शब्द संस्कृतातला. आखाडाही जुन्या भारतीय भाषांतूनच आलेला. पण पैलवान, दंगल, खुराक आणि अस्मान हे शब्द फारसीतून आले. ‘तालीम’ मूळचा अरबी, त्याचा अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ म्हणजे फारसी ‘उस्ताद’, मराठी जिभेवर रुळलेला.

हे शब्द महाराष्ट्रभर चालतात. मराठवाड्यात मात्र ते जास्तच घरचे वाटतात, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेलंगणाला लागून असलेल्या किनवटच्या बाजारात तर मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा आणि दखनी हिंदी एकाच दिवशी कानावर पडतात. इथे ‘कुस्त्यांचा फड’ म्हटलं काय आणि ‘दंगल’ म्हटलं काय, अर्थ लगेच कळतो.

शड्डू ठोकणे

बातम्यांत ‘शड्डू ठोकला’ म्हणजे आव्हान दिलं. आखाड्यात पैलवान मांडीवर किंवा दुमडलेल्या दंडावर पंजा मारून मोठा आवाज काढतो, तो शड्डू. पण शड्डू ठोकला म्हणजे लगेच कुस्ती लागली असं होत नाही. समोरून जोड तयार व्हावी लागते. जोड म्हणजे वजनाने आणि तयारीने तोडीस तोड असलेला प्रतिस्पर्धी. पंचांनी ती पाहिली, मान्य केली, दोघांनी हात मिळवून सलामी दिली की मग हलगीच्या कडकडाटात कुस्ती सुरू होते. कमकुवत माणसासमोर शड्डू ठोकण्याला आखाड्यात किंमत नसते.

पाठीला माती लागणे, अस्मान दाखवणे

मातीवरच्या कुस्तीत हरण्याची खूण एकच, दोन्ही खांदे जमिनीला टेकणे. पाठीला माती लागली की निकाल लागला. पाठ जमिनीवर आणि तोंड वर, म्हणजे हरलेल्याला दिसतं ते आकाश. म्हणून ‘अस्मान दाखवलं’. ‘चीतपट’ आणि ‘चारी मुंड्या चीत’ हे शब्दही याच निकालाचे.

ही माती साधी नसते. लाल माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असं मिसळतात, म्हणजे ती मऊ राहते आणि अंगाला लागलं तरी त्रास कमी होतो. आखाड्यात उतरताना पैलवान हीच माती कपाळाला लावतो. त्यामुळे माती लागणं ही तिथे बदनामी नसते. आज पडलेला गडी पुढच्या जत्रेत पुन्हा उतरतो.

मॅटवर हिशोब वेगळा आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथेच थांबते. म्हणजे पाठीला माती न लागताही पैलवान हरू शकतो.

धोबीपछाड

या डावाचं नाव घाटावरून आलं. धोबी ओलं कापड खांद्यावरून फिरवून दगडावर आपटतो, तसं पैलवान समोरच्याचा हात धरून, वळून, त्याला खांद्यावरून पुढे टाकतो. यात ताकदीपेक्षा वेळ महत्त्वाची. समोरच्याचा जोर पुढे येत असतानाच वळावं लागतं, नाहीतर पाठ त्याच्या हाती सापडते. म्हणून लहान चणीच्या पैलवानालाही हा डाव साधतो. ‘पवित्रा’ आणि ‘डावपेच’ हे शब्दही असेच. पवित्रा म्हणजे लढायला उभं राहण्याची ठेवण, डाव म्हणजे हल्ला आणि पेच म्हणजे समोरच्याला अडकवणारी पकड.

नुरा कुस्ती

आधीच ठरवून खेळलेली, लोकांना दाखवण्यापुरती कुस्ती म्हणजे नुरा. राजकारणात हा शब्द सर्रास चालतो. जत्रेत मात्र हा आरोप फार गंभीर असतो. तिथे इनाम बहुतेक वेळा गावच्या वर्गणीतून उभं राहतं. लहान पोरांची नारळावरची किंवा रेवड्यांवरची कुस्ती असो, नाहीतर शेवटची मानाची, पैसे आणि विश्वास गावाचा असतो. म्हणून खेळ रंगत नसेल तर प्रेक्षकच ‘निकाली करा’ म्हणून ओरडतात.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो

सगळ्यात जास्त फिरणारी म्हण हीच. वस्ताद चेल्याला सगळे डाव शिकवतो, पण एक शिकवत नाही. उद्या चेला उलटला तर तोच कामी येतो.

ही गोष्ट निदान साडेसातशे वर्षं जुनी आहे. इराणी कवी शेख सादी यांच्या १२५८ सालच्या ‘गुलिस्तान’मध्ये ती सापडते. तिथल्या वस्तादाला ३६० डाव येत असतात. आवडत्या चेल्याला तो ३५९ शिकवतो. चेला राजासमोर फुशारकी मारतो, कुस्ती ठरते आणि राखलेल्या एका डावावर वस्ताद त्याला डोक्यावर उचलून आपटतो. भारतात फारसी शिकणाऱ्यांच्या अभ्यासात हा ग्रंथ कित्येक पिढ्या होता. त्यामुळे ही गोष्ट आपल्याकडे ओळखीची झाली असेल तर नवल नाही.

लातूरच्या कुस्तीचा इतिहास मात्र या म्हणीला वेगळं उत्तर देतो.

लातूरची वस्ताद-परंपरा

निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. विशेष म्हणजे त्या वर्षीची स्पर्धा लातूरलाच होती. १९७० मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते स्वतः वस्ताद झाले.

त्यांच्या हाताखाली घडलेले काका पवार हेही लातूर जिल्ह्यातलेच. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि नंतर त्यांनीही पुण्यात पैलवान घडवायला घेतले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदारांकडे आणि नंतर पवारांकडे शिकला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्याने सुवर्ण जिंकलं. बिराजदारांचं निधन २०११ मध्ये झालं होतं.

म्हणजे वस्तादाने जे सुवर्ण जिंकलं, तेच ४८ वर्षांनी चेल्यानेही जिंकलं. डाव राखून ठेवला असता तर ही साखळी पहिल्याच पिढीत तुटली असती.

जिंकलेल्याने हरलेल्याला उचललं तेव्हा

जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे चेले, एकाच तालमीत घाम गाळलेले. म्हणजे दोघांना एकमेकांचे सगळे डाव माहीत होते. हर्षवर्धन ३-२ ने जिंकला आणि त्याने लगेच शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. चांदीची गदा एकाला मिळाली, पण त्या दिवशीचा लोकांच्या लक्षात राहिलेला फोटो दोघांचा आहे.

शब्द गावात, पैलवान शहरात

बिराजदारांना घडायला कोल्हापूर गाठावं लागलं. त्यांच्यानंतरच्या पैलवानांची वाट पुण्याकडे गेली. राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा मॅटवर ठरतात, तर जत्रेतली कुस्ती मातीवर. ज्या गावात मॅट नाही, तिथल्या पोराला सरावासाठी घर सोडावं लागतं. त्यात दूध, तूप, बदामाचा खुराक शेतकऱ्याच्या घराला वर्षानुवर्षं पुरवावा लागतो. त्यामुळे ‘खुराक’ हा शब्द बोलण्यात गमतीने येत असला, तरी पैलवानाच्या घरी तो दर महिन्याचा खर्च असतो.

दुसरीकडे, आखाड्याची दारं रुंदही होत आहेत. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. ‘गडी’, ‘पैलवान’, ‘वस्ताद’ हे सगळे शब्द पुरुषी वळणाचे, पण ‘महिला पैलवान’ आता कुणाला खटकत नाही. शड्डू तोच, माती तीच आणि पाठीला माती लागली की निकालही तोच.