कुलपती प्राध्यापकाची नेमणूक रद्द करू शकतात का? कायदा काय सांगतो, न्यायालये काय म्हणतात

धाराशिव, कळंब, उमरगा, तुळजापूर भागातल्या नेट-सेट झालेल्या तरुणांकडून एक प्रश्न वारंवार येतो. विद्यापीठाच्या भरतीत बिंदुनामावली डावलली, राखीव जागेवर भलत्याचीच निवड झाली, तर राज्यपालांकडे दाद मागता येते का? त्याच प्रश्नाची दुसरी बाजू क्वचितच कुणी विचारतो. राखीव जागेवर रीतसर लागलेल्या आपल्या माणसाची नेमणूक कुणाच्या तरी तक्रारीवरून राज्यपाल रद्द करू शकतात का? उत्तर दोन्हीकडे एकाच तरतुदीत आहे, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे.

धाराशिव जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. 1994 साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. लातूर, परभणी तिकडे गेले, धाराशिव मात्र याच विद्यापीठाकडे राहिले, आणि विद्यापीठाचा उपपरिसरही शहरात आहे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी समाजाने सोळा-सतरा वर्षे लढा दिला आणि 14 जानेवारी 1994 रोजी ज्याचा नामविस्तार झाला, त्याच्या नोकऱ्यांत आपला वाटा किती, हा प्रश्न आमच्यासाठी नुसता कायद्याचा नाही.

राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांना आज महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 लागू आहे. त्याआधी 1994 चा आणि त्याही आधी 1974 चे कायदे होते. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. इथे एक गल्लत नेहमी होते. राज्यपालपद संविधानातून आले आहे, कुलपतीपद मात्र विधिमंडळाच्या कायद्यातून. राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने करायची कामे नाहीत, पार पाडायची कर्तव्ये आहेत, अशा अर्थाचे बाबासाहेब संविधान सभेत बोलले होते. ते राज्यपालाबद्दल होते. कुलपती म्हणून त्याच व्यक्तीला कायद्याने स्वतःचे अधिकार दिले आहेत, आणि वादाला सुरुवात तिथूनच होते.

अधिकार मुख्यतः दोन. पहिला, विद्यापीठाचा कोणताही ठराव, आदेश किंवा कार्यवाही कायद्याशी विसंगत अथवा विद्यापीठाच्या हिताची नाही असे वाटल्यास ती स्थगित करणे किंवा बदलणे. मात्र त्याआधी कारणे दाखवा म्हणून विचारावे लागते. दुसरा अधिकार थेट नेमणुकीचा आहे. 1994 च्या कायद्यातल्या कलम 76 मध्ये तो होता आणि 2016 च्या कायद्यातही तसाच पुढे आला. ज्याच्यावर थेट परिणाम झाला आहे अशा व्यक्तीच्या अर्जावरून, किंवा स्वतःहून, कुलपती चौकशी करू शकतात. विद्यापीठ शिक्षकाची नेमणूक त्या वेळच्या कायद्यानुसार झालेली नव्हती अशी त्यांची खात्री पटली, तर ती संपवण्याचे निर्देश ते कुलगुरूंना देतात. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा, मग नव्याने निवड. काढलेल्या माणसाला पुन्हा अर्ज करता येतो.

या तरतुदीतला शब्दन् शब्द महत्त्वाचा आहे. कसोटी कायदेशीरपणाची आहे, पसंतीची नाही. निवड झालेल्या उमेदवारापेक्षा दुसरा अधिक हुशार होता, हा मुद्दा इथे चालत नाही. जाहिरात चुकीची, निवड समितीची रचना नियमबाह्य, किमान पात्रता नाही, आरक्षणाचा बिंदू डावलला, हे मुद्दे चालतात. गुणवत्ता ठरवणे निवड समितीचे काम आहे, न्यायालयाने तिच्यावर अपील ऐकल्यासारखे बसू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने दलपत आबासाहेब सोळुंके खटल्यात स्पष्ट केले आहे. आमच्या मते तीच मर्यादा कुलपतींनाही लागू पडावी.

दुसरे म्हणजे, ज्याची नेमणूक धोक्यात आहे त्याचे म्हणणे मागवणे कायद्यातच लिहिले आहे. काही वकील इथे नीलिमा मिश्रा विरुद्ध हरिंदर कौर पेंटल हा 1990 चा निकाल पुढे करतात. कुलपतींचा निर्णय प्रशासकीय आहे, सुनावणी देणे बंधनकारक नाही, असे त्यात म्हटले आहे हे खरे. पण ते प्रकरण लखनऊ विद्यापीठाचे, उत्तर प्रदेशच्या कायद्याखालचे. निवड समिती आणि कार्यकारी परिषद यांचे मत जुळले नाही, म्हणून नेमणूक होण्याआधीच प्रकरण कुलपतींकडे गेले होते. नोकरीत असलेल्या माणसाला काढणे ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या कायद्यात म्हणणे ऐकण्याची अट असताना तो निकाल इथे तसाच्या तसा आणून लावणे चूक आहे.

याच न्यायमूर्तींनी, के. जगन्नाथ शेट्टी यांनी, वर्षभर आधी दिलेला निकाल आपल्या विद्यापीठाचाच आहे. मराठवाडा विद्यापीठ विरुद्ध शेषराव बळवंतराव चव्हाण, 1989. उपकुलसचिवावर कुलगुरूंनी शिस्तभंगाची कारवाई केली. 1974 च्या कायद्याने तो अधिकार कार्यकारी परिषदेला होता. परिषदेने मागाहून ठराव करून कुलगुरूंच्या कृतीला मान्यता दिली, तरी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई टिकू दिली नाही. कायद्याने ज्याच्या हाती अधिकार दिला त्यानेच तो वापरायचा, आणि मुळात अधिकारच नसलेल्याने केलेले काम नंतरच्या मान्यतेने दुरुस्त होत नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक शिक्षक-कर्मचाऱ्याने हा निकाल वाचून ठेवावा. कारण प्रत्यक्षात बहुतेक वेळा कुलपतींचा आदेश नसतोच. असते ते मंत्रालयातले पत्र, सहसंचालकांचा शेरा किंवा ‘वरून आलेला’ फोन.

वरून आलेल्या फोनाचे काय होते, हे केरळने दाखवले. 30 नोव्हेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनेमणूक रद्द केली. आदेशावर सही कुलपतींचीच होती, पण निर्णय राज्य सरकारच्या दबावाखाली झाला होता, म्हणून तो टिकला नाही. त्याच विद्यापीठातले दुसरे प्रकरण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. मल्याळम विभागातल्या सहयोगी प्राध्यापकपदाच्या निवडीला ऑगस्ट 2022 मध्ये कुलपतींनी स्थगिती दिली. केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी नोव्हेंबरमध्ये निवडीविरुद्ध निकाल दिला, जून 2023 मध्ये खंडपीठाने तो फिरवला. वाद होता तो अध्यापनाचा अनुभव कसा मोजायचा यावर. एका पदासाठी इतकी ओढाताण, आणि तोवर उमेदवार अधांतरी.

महाराष्ट्रातही डिसेंबर 2021 मध्ये कुलपतींचे अधिकार कमी करून उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करण्याचे विधेयक मंजूर झाले होते. पुढच्या सरकारने ते मागे घेतले. राजभवन की मंत्रालय, या भांडणात बिंदुनामावलीचा विषय कुणाच्याच तोंडी नव्हता, हे आम्ही तेव्हाही नोंदवले पाहिजे होते.

तरतुदीत ‘कोणत्याही वेळी’ झालेली नेमणूक असे शब्द आहेत. म्हणजे पंधरा वर्षांनीही तलवार लटकतीच का? मुदत लिहिलेली नसली तरी अधिकार वाजवी काळात वापरला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये राघव नाथा प्रकरणात, जमिनीच्या वादात सांगितले. शिक्षकांच्या बाजूने ते मांडता येते. अर्जदारालाही तेच लागू, म्हणून तक्रार करायची तर लगेच करावी. जाहिरात, बिंदुनामावली, निवड समितीचे इतिवृत्त माहिती अधिकारात मागावे. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.

कुलपतींच्या आदेशाविरुद्धचा रस्ता मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिकेचा. धाराशिवहून ते अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, वकिलाचा खर्च वेगळा.

आता एक सावधगिरी. नेमणूक संपवण्याची ही तरतूद फक्त विद्यापीठाने नेमलेल्या शिक्षकांसाठी आहे, म्हणजे आपल्याकडे उपपरिसरातल्यांसाठी. उमरग्याच्या किंवा कळंबच्या संस्थेच्या महाविद्यालयात काम करणाऱ्याचा मालक संस्था असते. त्याला काढले, पदावनत केले, तर विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करावे लागते. राजभवनाला निवेदने पाठवत बसलात तर ही मुदत निघून जाते. तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या परिसराला तर हा कायदाच लागू नाही. ती 1964 पासूनची अभिमत संस्था आहे, तिचे कुलपती राज्यपाल नसतात. जून 2024 मध्ये तिथल्या कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना सेवा संपल्याची पत्रे गेली, त्यांत तुळजापूरचेही होते. ती 30 जूनला मागे घेतली गेली ती कोणत्याही कुलपतींच्या आदेशाने नव्हे, तर ज्या अनुदानावर त्यांचे पगार होते ते टाटांच्या न्यासाने पुढे चालू ठेवण्याचे कळवल्यामुळे.