शिपायाच्या विधवेचा कुलशोध : दुसरबीडच्या निमित्ताने

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड हे गाव ज्या वऱ्हाडात मोडते, त्या प्रांताचा अर्वाचीन इतिहास फौजेच्या वेतनाशी बांधलेला आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या स्वाधीन केला, तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाच्या तरतुदीसाठी. वसाहतकालीन लष्करी दप्तरात शिपायाचा हिशेब राहिला. त्याच्या मागे राहिलेल्या स्त्रीची नोंद मात्र झाली ती त्याची पत्नी म्हणून. तिचे मूळ कूळ कोणते, हा प्रश्न त्या दप्तराने कधी विचारलाच नाही.

या संदर्भात नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण बोलके आहे. माणगाव तालुक्यातील हे शिपाई पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तुकडीतील इतर सर्व जण ठार वा जखमी झाले असता, त्यांनी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे काबीज केले आणि तेथेच गोळ्या लागून ते पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यामुळे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचेही नाव टिकले. तथापि ‘लक्ष्मीबाई घाडगे’ या नावावरून माहेरचा पत्ता लागत नाही.

ज्यांना असा सन्मान लाभला नाही, त्यांची स्थिती याहून बिकट होय. १९२९ मध्ये उभारलेल्या बसरा येथील स्मारकावर सामान्य हिंदी शिपायांची नावे कोरली गेली नाहीत. पलटणवार केवळ संख्या नोंदली गेली. महाराष्ट्रातील अनेक गावांत १९१४-१९ च्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवरही किती जण गेले आणि किती कामी आले, एवढेच आढळते.

नामांचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. विवाहप्रसंगी वधूचे नाव बदलण्याची चाल महाराष्ट्रात रूढ असल्याने निवृत्तिवेतनाच्या कागदातील नाव आणि जन्मनाव यांत फरक असू शकतो. त्यात लिप्यंतराची भर पडते. ‘जाधव’ हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना वऱ्हाडात अखेरीस ‘ओ’ घालण्याचा प्रघात आहे. पुण्याकडे ‘व्ही’ घालतात. एकाच घराण्याचे कागद अशा रीतीने दोन ठिकाणी विखुरतात.

विधवेने पाट लावला असल्यास माग अधिकच पुसट होतो. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानुसार पुनर्विवाहित स्त्रीचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टात येई, आणि सामान्यतः कुटुंब-निवृत्तिवेतनही बंद होई. म्हणून एखाद्या नावाची नोंद एकाएकी थांबली, तर तो मृत्यूच समजणे चुकीचे ठरेल. कदाचित तेथून तिच्या आयुष्याचा दुसरा संसार सुरू झालेला असतो.

अशा वेळी वऱ्हाडातील कोतवाल बुक उपयोगी पडते. गावचे जन्ममृत्यू नोंदविणाऱ्या या वहीत पुष्कळदा पित्याचे नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. मातेचा उल्लेख क्वचित. तरीही तिचा माग येथेच लागतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने पहिल्या अपत्याची नोंद सासरच्या गावी सापडत नाही. दुसरबीडच्या शिपायाच्या धाकट्या मुलांचे जन्म दुसरबीडला नोंदलेले आहेत, पण थोरल्याचा नाही, असे दिसले तर ती उणीव हाच पुरावा मानावा. थोरल्याची नोंद ज्या गावी मिळेल, तेथे माहेर असण्याचा संभव मोठा. मग शाळेच्या दाखल-खारीज वहीतील जन्मस्थळ, माहेरच्या भावांचे जमिनीचे कागद आणि तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या यांनी तो संभव पडताळावा.

हा शोध जिल्ह्याच्या हद्दीशी थांबविता येत नाही. पलीकडील जालन्याचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथील दप्तराची पद्धत निराळी होती. सोयरिकींना मात्र ही सीमा ठाऊक नव्हती. दोन राज्यांची दप्तरे एकत्र वाचल्यावाचून ‘अमक्याची विधवा’ या शब्दांमागील लेक आणि बहीण अभ्यासकाच्या दृष्टीस पडणार नाही.